दूरचा धूमकेतू : जागा मोजता येते, तेजाचं काय?

उत्तररात्र

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला धागा आज काढतोय.

२०२४ च्या ऑक्टोबरात सुचिनशान-ॲटलास संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता, तेव्हा इथे फोटोंचा पाऊस पडला. फार आनंद झाला होता. पण ज्या धूमकेतूला शेपटी दिसत नाही, जो मोठ्या दुर्बिणीतूनही कापसाच्या पुसट बोळ्यासारखा दिसतो, त्याच्या मागे महिनोन्‌महिने राहून त्याची जागा आणि तेज मोजत बसणारेही आपल्यात आहेत. त्यांनी एकत्र यावं म्हणून हा धागा.

माझी सुरुवात के२ पासून झाली. पूर्ण नाव सी/२०१७ के२ पॅनस्टार्स. हवाई बेटांवरच्या हालेआकाला इथल्या दुर्बिणीला तो २१ मे २०१७ रोजी सापडला, तेव्हा तो सूर्यापासून १६ खगोलीय एककांवर होता, म्हणजे शनी आणि युरेनस यांच्या कक्षांच्या मधे कुठेतरी. (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर. पुढे नुसतं 'एकक' लिहितो.) मग लोकांनी जुन्या प्रतिमा उपसल्या, आणि २०१३ सालच्या प्रतिमांत तो जवळपास २४ एककांवर मिळाला. तेव्हाही त्याच्याभोवती धूळ होती! इतक्या थंडीत पाण्याचा बर्फ ढिम्म हलत नाही. तिथे उडत असतात ते कार्बन मोनॉक्साइडसारखे पदार्थ, ज्यांना उडून जायला नावापुरती ऊब पुरते.

२०२२ च्या मेअखेरीस मी तो माण तालुक्यात मामांच्या शेतावरून पाहिला. शनिवार २८ मे, सोमवारी अमावस्या. कोकणात ढग यायला लागले होते, पण माण पर्जन्यछायेत असल्यामुळे आकाश कोरडं होतं. आठ इंची न्यूटोनियन, बॅटरीवर चालणारं माउंट, साध्या ट्रायपॉडवर लॅपटॉप. रात्री अकरानंतर धूमकेतू चांगला वर आला. साडेबाराला शेतीची थ्री-फेज वीज आली आणि आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटरी एकदम सुरू झाल्या, बांधावरचे बल्ब पेटले. मामेभाऊ अंधारात पळत जाऊन आमचा बल्ब बंद करून आला. शेजारच्या आप्पांना हाक मारली, तर त्यांनीही काही न विचारता त्यांचा बंद केला. साठ सेकंदांच्या साठ फ्रेम मिळाल्या.

घरी येऊन मोजमाप केलं. प्रत्येक फ्रेममधले तारे गाया उपग्रहाच्या तारासूचीशी जुळवायचे, की फ्रेमच्या प्रत्येक पिक्सेलचा विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) कळते. मग धूमकेतूच्या मधल्या दाट ठिपक्याची जागा काढायची आणि ती ज्ञात कक्षेवरून काढलेल्या भाकिताशी ताडून पाहायची. या दोन्हींतल्या फरकाला आम्ही रेसिड्युअल म्हणतो. माझ्या सगळ्या फ्रेममध्ये धूमकेतू भाकितापेक्षा पुढे होता, सुमारे दोन तृतीयांश विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला), आणि प्रत्येक वेळी अगदी त्याच्या चालीच्या दिशेने. यादृच्छिक चूक असती तर चारी बाजूंना पांगली असती. ही एका रांगेत उभी होती.

उत्तर सापडायला दोन दिवस लागले. शेतावर मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटशी जुळलं नव्हतं आणि ते चाळीस सेकंद मागे होतं. के२ त्या दिवसांत तासाला जवळपास एक कला सरकत होता, म्हणजे मिनिटाला एक विकला. चाळीस सेकंदांचे बरोबर दोन तृतीयांश! आकाशातल्या त्या ठिपक्याने माझ्या घड्याळाची चूक मला दाखवून दिली होती. त्या दिवसापासून मी या कामात पुरता अडकलो.

तेजाची गोष्ट मात्र वेगळी. त्याच रात्री सोबतच्या मित्राने दहा इंची डॉब्सोनियनमधून डोळ्यांनी अंदाज केला तो ९.८ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद), आणि माझ्या फ्रेमवरून लहान वर्तुळ लावून मोजलेलं तेज आलं ११.३. दीड प्रतीचा फरक, म्हणजे चौपट उजेडाचा. दोघांपैकी कुणीच चुकलं नव्हतं. तो सगळा कोमा, म्हणजे भोवतीचं वायू-धुळीचं आवरण, धरून मोजत होता आणि मी फक्त मधला गाभा. म्हणून माझं कळकळीचं म्हणणं : जागेचा आकडा दिला की तो बोलतो, पण तेजाचा आकडा एकटा काहीच बोलत नाही. कशाने पाहिलं, किती मोठं वर्तुळ धरलं, कोणत्या ताऱ्यांशी तुलना केली, हे सोबत नसेल तर तो आकडा वाया गेला.

आता माझं लक्ष आहे सी/२०१४ यूएन२७१ वर, म्हणजे बर्नार्डिनेली-बर्नस्टाइन धूमकेतूवर. त्याच्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. आधी तुमचे अनुभव येऊ द्यात.

वाईकर

छान धागा. माझं वय सत्तरीपुढे, कॅमेऱ्यातलं मला कळत नाही, पण डोळ्यांनी तेज मोजण्याचं काम मी अजून करतो.

१९९७ चा हेल-बॉप आठवतो. होळी झाल्यानंतरचे दिवस, संध्याकाळी वायव्येला कृष्णा नदीच्या वरच्या अंगाला तो नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. घाटावर बायका कपडे आवरताना थांबून बघायच्या. तोही लांबूनच सापडला होता, २३ जुलै १९९५ ला, सात एककांहून जास्त अंतरावर, आणि त्याने दिलेला शब्द पाळला. उलट १९७३ चा कोहुटेक. आमच्या कॉलेजात महिनाभर आधीपासून चर्चा होती, मी तर गच्चीवर पहाटे उठून बसत होतो. त्याच्याबद्दल जेवढं बोललं गेलं होतं, त्याच्या जवळपासही तो गेला नाही.

डोळ्यांनी मोजण्याची रीत नवीन मुलांसाठी लिहितो, सिजविकची पद्धत म्हणतात. आधी धूमकेतू फोकसमध्ये नीट पाहायचा आणि त्याचं तेज व पसारा मनात पक्का धरायचा. मग आयपीस हळूहळू बाहेर ओढून शेजारचे ओळखीचे तारे फुगवायचे, धूमकेतूएवढे मोठे होईपर्यंत. त्या फुगलेल्या ताऱ्यांपैकी एक आठवणीतल्या धूमकेतूपेक्षा जरा उजळ आणि एक जरा मंद असा निवडायचा, आणि मधला आकडा लिहायचा. हे निदान तीन वेळा करायचं, प्रत्येक वेळी आधीचा आकडा विसरून. ते विसरणंच सगळ्यांत अवघड आहे. कालचा ९.६ डोक्यात असला की आजही ९.६ च दिसतो.

कृत्तिका_ऐरोली

मी नवीन आहे, प्रश्न विचारू का? के२ ची माहिती वाचताना त्याची उत्केंद्रता एकपेक्षा थोडी जास्त दिलेली दिसली. शाळेत शिकलो की एकपेक्षा जास्त म्हणजे अपास्त, म्हणजे तो परत येणार नाही. मग तो ३आय/ॲटलाससारखा दुसऱ्या ताऱ्याकडून आला का?

लंबवर्तुळ

कृत्तिका, खूप जणांना हाच प्रश्न पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कक्षा सांगायला सहा आकडे लागतात. उत्केंद्रता, म्हणजे कक्षा किती लांबट. उपसूर्य अंतर, म्हणजे सूर्याच्या किती जवळ येणार. तिथे पोहोचायची वेळ. आणि तीन कोन : कक्षेचा कल, आरोही पात (धूमकेतू पृथ्वीच्या कक्षेची पातळी ओलांडून उत्तरेला जातो तो बिंदू) कुठे आहे, आणि त्या पातापासून उपसूर्य बिंदू किती अंशांवर. सहा अज्ञातं, आणि एका निरीक्षणातून दोन आकडे मिळतात (विषुवांश आणि क्रांती). म्हणून तत्त्वतः तीन निरीक्षणं पुरतात. १८०१ मध्ये सेरेस हा लघुग्रह सूर्यामागे हरवला, तेव्हा गाउस या गणितज्ञाने थोड्याशा निरीक्षणांवरून गणित मांडलं आणि वर्ष संपताना तो पुन्हा सापडला.

पण दूरच्या धूमकेतूच्या बाबतीत तीन निरीक्षणांवर भिस्त ठेवता येत नाही. तो महिन्याभरात आपल्या कक्षेचा इतका बारीक तुकडा चालतो की त्या तुकड्यातून लंबवर्तुळही काढता येतं आणि अपास्तही. शिवाय आकाशात जी चाल दिसते तिच्यात मोठा वाटा पृथ्वीचाच असतो. धावत्या एसटीच्या खिडकीतून लांबचा डोंगर सरकताना दिसतो, तसं. म्हणून जुन्या प्रतिमांतली निरीक्षणं सोन्यासारखी. २०१७ ला सापडलेल्या के२ चा २०१३ चा एक ठिपका मिळाला की निरीक्षणांचा कंस चार वर्षांनी लांबतो आणि कक्षेतली अनिश्चितता झपाट्याने आवळते.

आता एकपेक्षा जास्त उत्केंद्रतेबद्दल. तो आकडा सूर्याला केंद्र धरून, एका विशिष्ट तारखेपुरता काढलेला असतो. पण सूर्य स्वतः गुरू-शनीच्या ओढीने डुलत असतो, आणि हजारो एककांवरून येणाऱ्या धूमकेतूला खेचणारा सूर्य एकटा नसतो, सगळी ग्रहमाला असते. म्हणून आपण कक्षेला मागे चालवतो, धूमकेतू ग्रहांच्या पलीकडे पार लांब असतानाच्या काळात नेतो, आणि केंद्र धरतो सगळ्या सूर्यमालेचं वस्तुमानकेंद्र. तसं केलं की के२ ची उत्केंद्रता एकच्या आत येते. तो आपलाच आहे, ऊर्टच्या मेघातला, म्हणजे सूर्यमालेच्या पार कडेच्या बर्फाळ गोळ्यांच्या पसाऱ्यातला. ३आय/ॲटलासची उत्केंद्रता सहापेक्षा जास्त आहे. तिथे कुठलंही केंद्र धरा, तो बाहेरचाच निघतो.

कृत्तिका_ऐरोली

आता कळलं, मनापासून आभार. एसटीच्या खिडकीचं उदाहरण आईलाही वाचून दाखवलं.

उत्तररात्र

लंबवर्तुळ, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. आता यूएन२७१.

हा धूमकेतू शोधायला कुणी निघालंच नव्हतं. चिलीतल्या सेरो तोलोलो इथल्या चार मीटर दुर्बिणीने कृष्ण ऊर्जेच्या अभ्यासासाठी आकाशाचे फोटो काढले होते. पेद्रो बर्नार्डिनेली आणि गॅरी बर्नस्टाइन त्या साठ्यात नेपच्यूनपलीकडच्या वस्तू शोधत होते, तेव्हा २०१४ ते २०१८ च्या प्रतिमांत हा ठिपका सापडला. घोषणा झाली जून २०२१ मध्ये. पहिल्या प्रतिमेत, ऑक्टोबर २०१४ मध्ये, तो २९ एककांवर होता, म्हणजे नेपच्यूनच्या अंतरावर. नंतर २०१० च्याही प्रतिमा मिळाल्या, तेव्हाचं अंतर ३४ एककं.

घोषणेनंतर तीन-चार दिवसांतच नामिबियातल्या एका छोट्या दुर्बिणीतून काढलेल्या प्रतिमांत त्याचा कोमा दिसला. हे वाक्य परत वाचा. चार मीटरच्या दुर्बिणीने शोध लावला आणि तो जिवंत आहे हे एका छोट्या दुर्बिणीने सांगितलं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचा उद्रेकही पकडला गेला, तेज एकाएकी अर्ध्या प्रतीहून जास्त वाढलं होतं.

केंद्रक, म्हणजे मधला घन गोळा, अवाढव्य आहे. हबलच्या मापांवरून व्यास सुमारे १२० किलोमीटर, चिलीतल्या अल्मा दुर्बिणींच्या मापांवरून १३७ च्या आसपास. पुणे ते मुंबई सरळ रेषेत जेवढं अंतर, साधारण तेवढा एक डोंगर, आणि कोळशापेक्षा काळा. जानेवारी २०३१ मध्ये तो सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, तेव्हाही अंतर असेल जवळपास ११ एककं, शनीच्या कक्षेच्या बाहेर. आलाय तो सुमारे ४० हजार एककांवरून, आणि ग्रहांच्या ओढीमुळे परत जाताना सुमारे ५५ हजारांपर्यंत जाईल. म्हणजे येण्याची कक्षा एक आणि जाण्याची वेगळी.

तेजाचा हिशोब सोपा आहे, करून बघूया. २०२१ मध्ये २० एककांवर असताना तो साधारण २० व्या प्रतीचा होता. तो नुसता काळा गोळा असता आणि सूर्याचा उजेड परतवत असता, तर २० वरून ११ एककांवर येताना २.६ प्रती उजळला असता : १७.४. पण धूमकेतू जवळ येताना धूळही वाढते. नेहमीच्या सूत्रात सूर्यापासूनच्या अंतराच्या लॉगला ५ ऐवजी १० ने गुणतात. तसं केलं तर वाढ ३.९ प्रतींची : १६.१. खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मधे की बाहेर, ते सांगायला दहा वर्षांच्या नोंदी लागतील. त्या नोंदी मला हव्या आहेत.

अडचण एकच, तो दक्षिण आकाशात खोल आहे. २०२१ मध्ये क्रांती उणे ४७ च्या आसपास होती, म्हणजे पुण्यातून जास्तीत जास्त २४-२५ अंश उंची, तीही धुरकट क्षितिजावर. मी सध्या भाड्याच्या दक्षिणेतल्या दुर्बिणीवर तासाच्या हिशोबाने वेळ घेतो. महिन्याला एक रात्र परवडते.

मीमांसा

एक विचारतो, राग मानू नका. चिलीत आता व्हेरा रुबिन वेधशाळा सुरू झाली, ८.४ मीटरचा आरसा आहे. जून २०२५ मध्ये तिच्या पहिल्या प्रतिमाही आल्या. ती दर काही रात्रींनी सगळं दक्षिण आकाश टिपणार. मग आपण आठ इंची दुर्बिणी घेऊन यूएन२७१ मोजायचा, त्याचा विज्ञानाला उपयोग किती?

उत्तररात्र

राग कशाला, प्रश्न रास्त आहे.

जागेच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. एवढ्या मंद वस्तूची जागा रुबिन आपल्यापेक्षा कितीतरी अचूक देईल. पण तीन गोष्टी. एक, उद्रेक कॅलेंडर बघून होत नाहीत. रुबिनची एका भागावरची दोन रात्रींमधली फट, किंवा तिथले ढग, यांच्या मधे काय झालं ते जगभर पसरलेल्या छोट्या दुर्बिणीच सांगतात. २९पी हा धूमकेतू घ्या : त्याच्या उद्रेकांचा वर्षानुवर्षांचा इतिहास मोठ्या प्रमाणात हौशी निरीक्षकांनीच जमवलाय. दोन, उजळ धूमकेतू इतक्या मोठ्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला जड जातात, आणि सूर्याजवळच्या संधिप्रकाशातले तिच्या वाट्याला कमी येतात. ती जागा आपली. तिसरी गोष्ट : यूएन२७१ वर हात बसला की पुढचा के२ आला तर आपण तयार असू.

लंबवर्तुळ

के२ चा शेवटही इथे सांगायला हवा, नाहीतर नवीन वाचकांना वाटेल तेजाचं सूत्र चालतंच. तो इतक्या लांबून इतका उजळ दिसत होता की तोच कल पुढे नेला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका व्हायला हवा होता. प्रत्यक्षात जुलै २०२२ मध्ये तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला, १९ डिसेंबरला १.८ एककांवर उपसूर्य बिंदू ओलांडला, आणि आठव्या प्रतीच्या आसपासच राहिला. लांब असताना कार्बन मोनॉक्साइड त्याला उजळवत होता. सूर्याजवळ आल्यावर पाण्याच्या बर्फाने सूत्रं हाती घ्यायला हवी होती, पण त्याने अपेक्षेइतकी साथ दिली नाही. आलेखाचा चढ वाटेतच मंदावला. हे आपल्याला कळलं ते कुणीतरी मधली सगळी वर्षं आकडे टिपत राहिल्यामुळे.

वाईकर

आणि १४-१५ जुलै २०२२ ला तो भुजंगधारीतल्या एम१० या तारागुच्छाशेजारून गेला, तेव्हा आपल्याकडे धो धो पाऊस! मी तीन रात्री छत्री घेऊन अंगणात उभा होतो. वहीत लिहिलंय : ढग, दिसला नाही.

पर्थची_अनु

नमस्कार सगळ्यांना. मी मूळची चिपळूणची, आता पंधरा वर्षं पर्थमध्ये. घरामागे आठ इंची न्यूटोनियन आहे, शहरापासून दीड तासावर काळोखं आकाश आहे, आणि आकाशाचा दक्षिण ध्रुव माझ्या क्षितिजापासून ३२ अंश वर. उत्तररात्र दादा, भाड्याच्या दुर्बिणीचे पैसे वाचवा, महिन्यातून दोन रात्री मी देते. फक्त इतकी मंद वस्तू मी कधी मोजलेली नाही.

उत्तररात्र

अनुताई, यापेक्षा मोठी मदत कुठली असणार!

काही सूचना. इतका लांबचा धूमकेतू तासाला जेमतेम आठ-नऊ विकला सरकतो, म्हणून प्रत्येक फ्रेम दोन मिनिटांची चालेल. दीड-दोन तासांच्या फ्रेम घ्या आणि त्या दोनदा रचा : एकदा तारे स्थिर धरून, एकदा धूमकेतूची चाल धरून. दुसऱ्या रचनेत तारे रेघोट्या होतील आणि धूमकेतू ठिपका राहील. रात्रीच्या शेवटी त्याच भागाच्या आणखी काही फ्रेम घ्या, म्हणजे ठिपका खरंच सरकतोय याची खात्री होते. मंद तारा किंवा आकाशगंगा मागे असेल तर ती रात्र तेजासाठी सोडून द्या. तिथलं तेज आपल्या धूमकेतूचं नसेल. आणि दिसला नाही तर 'अमुक प्रतीपर्यंतचे तारे दिसले, धूमकेतू नाही' असं लिहा. वाईकर काकांची 'ढग' ही नोंदही त्याच घरातली.

मायनर प्लॅनेट सेंटरकडे (लघुग्रह-धूमकेतूंच्या जगभरच्या नोंदी गोळा करणारी संस्था) जागा पाठवायला वेधशाळा-क्रमांक लागतो. तो मिळवण्यासाठी आधी ओळखीच्या लघुग्रहांची मापं पाठवून हात स्थिर असल्याचं दाखवावं लागतं. तिथूनच सुरू करा.

कृत्तिका_ऐरोली

मी बाल्कनीतून काही मोजू शकत नाही, पण अनुताईंच्या फ्रेम रचायला मदत करू शकते. प्रोग्रॅमिंग येतं मला.

पर्थची_अनु

कृत्तिका, हो! फाइली पाठवते.

शनिवारी रात्री एका ओळखीच्या लघुग्रहावर सराव केला. सगळ्या रेसिड्युअल एका बाजूला, ०.६ विकला, लघुग्रह भाकिताच्या पुढे. पण दादा, घड्याळ जीपीएसवर आहे, ते चुकणार नाही.

उत्तररात्र

लघुग्रह किती वेगाने जात होता? आणि फ्रेम किती सेकंदांची?

पर्थची_अनु

मिनिटाला ०.६ विकला. फ्रेम १२० सेकंदांची.

लंबवर्तुळ

मग बरोबर एक मिनिटाची चूक आहे. फ्रेमवर लिहिलेली वेळ एक्स्पोजर सुरू झाल्याची असणार. माप मधल्या क्षणाचं धरायचं असतं.

पर्थची_अनु

तेच होतं. साठ सेकंद मिळवले आणि सगळी मापं परत काढली. आता रेसिड्युअल चारी बाजूंना पांगल्यात, कुठलीच ०.३ च्या वर नाही. पुढची अमावस्या यूएन२७१ ची.